त्रेचाळीस आणि आठ

आमचे घरमालक बोलायच्या आधी लिहायचे. म्हणजे लेखक वगैरे नव्हते, पोस्टमन होते, निवृत्त झालेले. आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचे, पण काही सांगायचं असलं तर दार म्हणून वाजवणार नाहीत. तिकडे नेदरलँड्समध्ये दाराला पत्र टाकायची फट असते ना, तिच्यातून चिठ्ठी सरकवायची आणि निघून जायचं. पहिली चिठ्ठी मला अजून पाठ आहे. "उद्या सव्वादहा ते अकरा मी हातोडा मारीन. त्यानंतर कॉफी शक्य आहे." मी ती ह्यांना वाचायला दिली. हे म्हणाले, अगं, कॉफीला बोलावलंय. मी म्हटलं, हे बोलावणं आहे की ताकीद?

ही गोष्ट दोन हजार पाच-सहा सालची. ह्यांना कंपनीने पुण्याहून पाठवलं होतं मास्ट्रिख्टला, एका विमा कंपनीच्या जुन्यापुराण्या कॉम्प्युटरसाठी. त्या प्रोग्रॅमची भाषा येणारी माणसं तिकडे सगळी निवृत्त झाली होती. आपल्याकडे हे एक शिल्लक होते. पन्नाशीच्या माणसाला परदेशी पाठवायचं म्हणजे असंच काही कारण लागतं. माझ्या पासपोर्टावर 'अवलंबित' असा शिक्का. घर मिळालं ते गावाबाहेर टेकड्यांत, खेड्यात. नेदरलँड्स सपाट आहे म्हणणाऱ्यांनी हा कोपरा बघितलेला नसतो. आमच्या दारासमोरून जो चढ सुरू व्हायचा, त्यावर सायकल हातात धरून चालताना मला आमच्या कराडकडचे घाट आठवायचे.

तर कॉफी. सव्वाअकराला गेलो, तर मालक घरात नाहीत, मागच्या शेडमध्ये. उंच माणूस, सायकलवर आयुष्य काढल्याने पाठीत किंचित वाकलेला. अंगात पोस्टाचं जुनं जाकीट, बिल्ला उसवून काढलेला. पायात घरातल्या सपाता, पण पँटीला सायकलच्या क्लिपा लावलेल्या. त्या क्लिपा त्यांनी कधी काढलेल्या मी पाहिल्या नाहीत. झोपताना काढत असतील तर देव जाणे. आणि त्यांच्या मागे, शेजारी शेजारी, दोन लष्करी जीपा.

एक जीप हिरव्यागार रंगाची, टापटीप, नुसती अंगावरचे दागिने घालायची राहिलेल्या नवरीसारखी. दुसरी गंजलेली, एका डोळ्याने आंधळी, मागच्या सीटवर कोंबडी बसलेली. कोंबडी खरोखरची, बरं का. एका शेतकऱ्याने ती जीप बागेत फवारणीच्या पंपासाठी ठेवली होती, मालकांनी ती कोंबडीसकट आणली. पहिली गाडी बरी करायची आणि दुसरीने तिला लागतील ते भाग द्यायचे, असा बेत. आत्या-मावशी दोघींना डच भाषेत जो एकच शब्द आहे, तो ते दुसरीला वापरायचे. मी मावशी म्हणायला लागले. रोज शेडमध्ये शिरताना त्यांचं आधी मावशीला गुड मॉर्निंग, मग कोंबडीला, मग आम्हाला.

आता मावशीकडून घ्यायचं म्हणजे कसं, ते ऐका. मालकांचा एक नियम होता. मावशीचा जो भाग काढला, त्या जागी हिरवीचा झिजलेला भाग स्वच्छ करून, तेल लावून बसवायचा. भोक म्हणून रिकामं ठेवायचं नाही. मालकीणबाई हसायच्या. म्हणायच्या, सात वर्षं झाली, एक आजारी गाडी होती, ती बरी झाली आणि बऱ्यापैकी होती ती आजारी पडली, एकूण आजार तेवढाच. मालक म्हणायचे, मी चाळीस वर्षं लोकांच्या पेट्यांत टाकत आलो, कुणाच्या पेटीतून काढून घेतलं नाही.

नवा भाग दुकानातून आणायचा नाही, हाही नियम. ज्याने कधी ओझं ओढलं नाही त्याच्यावर मी बायकोला बसवणार नाही, असं म्हणायचे. गंजलेला बोल्ट कसा सोडवायचा ते मी त्यांच्याकडून शिकले. आधी तेल द्यायचं, मग त्याला एक दिवस विचार करू द्यायचा, दुसऱ्या दिवशी सोडवायच्या आधी किंचित आवळायचा, आणि मग सोडवायचा. "रुस्तिग," म्हणायचे बोल्टला, म्हणजे सावकाश. माणसांची त्यांची पारख दाराच्या फटीवरून. अमक्याच्या फटीची झडप बोटावर आपटते, तमक्याने आत ब्रश लावलाय म्हणजे पत्र चुरगळतं. आमच्या फटीबद्दल विचारलं, तर म्हणाले, ती मीच बसवली आहे, तुमचा स्वभाव अजून कळायचाय.

माझा स्वभाव कळला तो एका पावसाळी दुपारी. हिरवीचं बॉनेट उघडं होतं. मी सहज वाकून पाहिलं आणि म्हटलं, हे तर आमच्याच जीपचं इंजिन आहे. मालकांना वाटलं, बाई काहीतरी बोलतेय. मग मी बोट ठेवून ठेवून दाखवलं, हे इथे, ते तिथे. माझे वडील रस्त्याची कामं घ्यायचे, त्यांची सेकंडहँड जीप होती, आणि एकोणिसाव्या वर्षी कालव्याच्या रस्त्यावर त्यांनी मला ती शिकवली होती. साडी खोचून चालवायची मी. साइटवर मुकादम आधी मला हसायचे, मग डबा आणायला सांगायचे. बनावट तीच, फक्त आपल्याकडे आपल्या कारखान्यात तयार झालेली. मालकांनी हातातला पाना पुसला आणि माझ्या हातात दिला. त्या दिवसानंतर चिठ्ठ्यांत "कॉफी शक्य आहे" च्या जागी "तुम्ही अपेक्षित आहात" असं यायला लागलं. डच भाषेत पाव-लोण्याला काय म्हणतात ते कळायच्या आधी मला कार्बोरेटरचे सगळे अवयव पाठ झाले.

तर फेब्रुवारीत हिरवी पहिल्यांदा शेडबाहेर आली. मागच्या कुरणात चिखल होता. मालकांनी गाडी घातली, ती चार हात गेली आणि मागून कट्ट-कट्ट असा आवाज आला. तो आवाज मला माहीत होता. मागच्या चाकांच्या मधोमध जो गोळा असतो त्यात दोन दातेरी चाकं असतात, एक मोठं ताटाएवढं, एक लहान. आपल्याकडे क्राउन-पिनियन म्हणतात. ही दोघं जोडीनेच यायची, जोडीनेच झिजायची. एक बदललं आणि एक ठेवलं असं चालत नाही. उघडून पाहिलं तर लहान्याचे दोन दात गेलेले. ही जोडी मावशीची होती. हिरवीची मूळची जोडी मावशीच्या पोटात होती, पण ती इतकी झिजलेली, की सपाटीवर गुरगुरत चालली असती, चढावर नसती चालली.

मालकीणबाईंनी सरळ सांगितलं, नवी मागव, नियम गेला खड्ड्यात. मालकांनी, नवल म्हणजे, ऐकलं. जर्मनीच्या हद्दीजवळच्या एका सामानवाल्याला फोन केला. तो म्हणाला, उन्हाळ्यात येईल. मालकांनी फोन ठेवला, आणि क्लिपा लावलेल्या पायांनी तसेच घरात जाऊन बसले. चार दिवस फटीतून एक चिठ्ठी नाही. मला चैन पडेना.

मग मालकीणबाईंनी मला स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं. समोर तांदळाची खीर भरलेला गोल केक, तिकडचा खास, आपल्या तोंडाला लगेच रुचणारा. एप्रिलच्या अखेरीला मालकांना सत्तर पूर्ण होत होती. लायसन्स त्या दिवशी संपणार. पुढचं मिळायला डॉक्टरचा कागद लागायचा, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की तो कागद मी देणार नाही. दोन्ही डोळ्यांत मधोमध धूसर डाग पसरत होता. आता चालतंय, पण फार दिवस नाही.

आणि दारासमोरचा तो चढ. पन्नास वर्षांपूर्वी मालक सक्तीच्या लष्करी नोकरीत होते, अशीच नवी कोरी जीप चालवायचे. बाई अठरा वर्षांच्या, चेरीची बादली घेऊन हाच चढ चढत होत्या. पोराने गाडी थांबवली, बसवून घेतलं. लष्कराच्या गाडीत बाहेरचं माणूस घ्यायचं नाही, हे माहीत असून. अर्ध्या चढावर, जिथे रस्त्याकडेला येशूचा लाकडी क्रूस आहे, तिथे समोरून साहेब आला. बाईंना उतरवलं, पोराची जीप काढून घेतली आणि उरलेली नोकरी त्याने बटाटे सोलत काढली. "लग्नात मला म्हणाला, अर्धा चढ राहिलाय, तो मीच नेणार," मालकीणबाई म्हणाल्या. "मी म्हटलं होतं, बसने जाते." आणि केकचा तुकडा माझ्या ताटात वाढला. 

मी त्या दिवशी कराडला भावाला फोन केला. वडिलांची जीप त्याच्याकडे, परड्यातल्या पत्र्याखाली. पण तिचं नाव मी काढलं नाही. बाजारातून एक वापरलेली जोडी बघ, म्हटलं, आणि दात मोजून सांग, मोठ्याचे त्रेचाळीस, लहान्याचे आठ. भाऊ बरं म्हणाला. दोन आठवड्यांनी ह्यांच्या ऑफिसमधला एक मुलगा पुण्याहून आला, त्याच्या बॅगेतून खोकं निघालं. उघडलं तर आत कोरी करकरीत जोडी, चकाकणारी, वर कुंकवाचं बोट, सोबत शेंगदाण्याचे लाडू. भावाला वाटलं, परदेशातल्या माणसाला जुनं सामान कसं पाठवायचं, आपली काही अब्रू आहे की नाही. दात मोजले तर एकोणचाळीस आणि आठ. ह्या गाडीची चारही चाकं ओढतात; पुढच्यांचं प्रमाण एक झालं असतं, मागच्यांचं दुसरं. चिखलात, चढावर एकमेकांशी भांडत बसली असती. मालकांनी लाडू खाल्ला आणि जोडी दिवाणखान्यात फुलदाणीशेजारी मांडून ठेवली. चिठ्ठी आली. "अतिशय सुंदर. बसत नाही. तुमच्या भावाला नमस्कार."

मार्चचा तिसरा आठवडा लागला होता. मी पुन्हा फोन लावला.

"आपली जीप उघड," मी म्हटलं.

भाऊ म्हणाला, "आक्का, ती चालते अजून. दसऱ्याला काढतो मी."

"कुठवर?"

"फाटकापर्यंत. हार घालतो, परत आत."

"मग तेवढ्यासाठी ठेवायची का?"

"आबांनी तुला शिकवली तिच्यावर. उघडली तर परत उभी राहायची नाही, सांगून ठेवतो."

मला काय ते माहीत नव्हतं का. दरवर्षी तो विकायचं म्हणायचा आणि मी नको म्हणायची, ह्या खेपेला आमची उलटी पाळी आली होती. मी म्हटलं, काढ आणि पाठव. फोन ठेवल्यावर पालक निवडायला घेतला आणि देठं पातेल्यात, पानं केरात टाकली.

जोडी आली. त्या मुलाच्याच ओळखीच्या कुणाच्या तरी सामानातून. विमानतळावर त्याला विचारलं हे काय, तर तो म्हणाला, सासऱ्यांसाठी भेट. मी मालकांना सांगितलं, भंगारातली आहे. मोजली, त्रेचाळीस आणि आठ. मालकांनी ती नुसती हातात धरली, अंगठा दातांवरून फिरवला, नाकाशी नेली. दुसऱ्या दिवशी फटीतून चिठ्ठी. "हिला ताज्या तेलाचा वास आहे. ही चालत्या गाडीतून काढलेली आहे. चालत्या गाडीचं मी घेत नाही."

मी त्या दिवशी न सांगता, वेळ न ठरवता शेडमध्ये गेले. तिकडे असं कुणी करत नाही. मालक मावशीच्या पायरीवर बसले होते. मला राग आला होता, आणि राग आला की माझं डच बरं होतं.

मी म्हटलं, "ती गाडी वर्षातून एकदा फाटकापर्यंत जाते. तुमच्या गाडीला अर्धा चढ जायचाय."

"ती कुणाची आहे?"

"माझी."

"चालवतं कोण?"

"मीच चालवायची."

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. म्हणजे थोडं बाजूला पाहिलं. मधोमध बघितलं तर त्यांना दिसत नसे, हे मला तेव्हा कळलं. मग उठले, मावशीच्या खाली आडवे झाले आणि हिरवीची ती मूळची, झिजलेली जोडी काढायला लागले. फाटकापर्यंत ही नक्की जाईल, म्हणाले, गुरगुरेल, पण जाईल. तुमच्या गाडीत ही बसवायची. आणि दात पडलेली जोडी मावशीच्या पोटात. ही अट मान्य असेल तर पाना धरा. मी धरला. ती झिजलेली जोडी त्यांनी मेणकापडात गुंडाळली, पोस्टाच्या सुतळीने बांधली, गाठ अशी की भावाच्या मिस्त्रीला कापावी लागली. मिस्त्री म्हणाला, माल गेलेला आहे, पण माणूस पक्का आहे.

जोडी बसवायची म्हणजे नुसती ठोकायची नसते. दातांना रंग लावून फिरवायचं, दुसऱ्याच्या दातावर ठसा कुठे उमटतो ते बघायचं, मग पातळ चकत्या घालून काढून तो ठसा बरोबर मधोमध आणायचा. मालकांकडे निळा रंग होता. काळ्या लोखंडावर निळा ठसा त्यांना दिसेना. तिसऱ्यांदा दिसेना तेव्हा त्यांनी फडकं खाली ठेवलं. मी घरी जाऊन हळद आणली, तेलात कालवली. पिवळाधमक ठसा उमटला. तरी कडा मीच बघायची आणि सांगायची, जरा आत, जरा बाहेर. चकती मात्र ते हाताने चाचपून निवडत. सहा दिवस लागले. शेडला आमटीच्या फोडणीचा वास. सातव्या दिवशी हे ऑफिसातून आले आणि माझी बोटं बघून म्हणाले, कुणाची हळद झाली? मी म्हटलं, जोडीची.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, सकाळी दहा वाजता. अर्थात चिठ्ठी आली होती. "दहा वाजता चढ. हवामान योग्य." मालकीणबाईंनी एक अट घातली. घरून बसायचं नाही. मी जिथे उतरले, तिथेच बसेन. म्हणून त्या, मी आणि हे आधी चालत क्रुसापाशी जाऊन उभे राहिलो. बाईंनी चांगला कोट घातला होता, गुडघा दुखत होता, आणि सगळी वाट त्या हवेला नावं ठेवत होत्या. सफरचंदांना मोहोर आलेला. खालून आवाज आला. हिरवी वळणावरून वर आली, आमच्यापाशी थांबली. मालक जाकीट घालून, ताठ बसलेले. उतरून बायकोला हात दिला. बाई बसल्या, पर्स मांडीवर ठेवली.

तिथून थोडं पुढे चढ एकदम उभा होतो. चालत्या गाडीतच परत पहिला गिअर घ्यावा लागतो, आणि ह्या गाड्यांत तो सरळ पडत नाही; क्लच दोनदा दाबून, मध्ये इंजिनाला बरोबर तेवढा जोर देऊन घ्यावा लागतो. माझा डावा पाय रस्त्यावर उभ्या उभ्या दाबला गेला. गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. आणि गाडी चढायला लागली तेव्हा मागून एक बारीक गुणगुण ऐकू आली. ती गुणगुण मी कालव्याच्या रस्त्यावर ऐकली होती, आबा शेजारी बसलेले असताना. प्रत्येक जोडीची आपली असते. मी ह्यांना म्हटलं, ऐका, आपली जीप. ह्यांना काही ऐकू आलं नाही, पण हो म्हणाले.

वर गेल्यावर इंजिन बंद झालं. बराच वेळ शांत. वर पाहण्यासारखं काही नाही, बरं का, बिटाचं शेत आणि एक पाण्याची टाकी. दहा-पंधरा मिनिटांनी परत सुरू झालं आणि गाडी उतरताना दिसली, तेव्हा मी ह्यांचा दंड धरला. स्टीअरिंगवर मालकीणबाई होत्या. कोटाच्या बाह्या वर सारलेल्या, मान पुढे काढलेली. मालक शेजारी, पर्स त्यांच्या मांडीवर.

क्रुसाच्या वरच्या वळणावर बाईंनी गिअर बदलला आणि खर्रर्र असा आवाज झाला. चालवणाऱ्या माणसाच्या जिवाला तो आवाज कसा लागतो ते मला विचारा, आणि सात वर्षं ती गाडी स्वतःच्या हातांनी जुळवलेली असेल तर विचारूच नका. मी मालकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बाईंनी परत प्रयत्न केला. परत खर्रर्र. तिसऱ्यांदा बसला.

आमच्या जवळून जाताना मालकांनी उजवा हात बाहेर काढला आणि हलवला, लांबच्या गावाला निघालेला माणूस हलवतो तसा.